यंत्रमानव बमरोलीला परका नाही

आमच्या बमरोलीत, म्हणजे सुरतच्या पांडेसरा-उधना पट्ट्यात, यंत्रमानवांच्या कथा वाचतो असे सांगितले की एरवी कशावरच एकमत नसलेली मंडळी एकदम एका बाजूला जाऊन बसतात. निवृत्त मास्तर म्हणतात, हे पाश्चात्त्यांचे खूळ. आपल्याकडे आत्मा आहे, तेव्हा 'मी कोण' हा प्रश्न यंत्राच्या तोंडी घालायची आपल्याला गरज नाही. विज्ञानाची आवड असलेला इंजिनिअर म्हणतो, वाचतो ते ठीक, पण यात विज्ञान कुठे आहे? चळवळीतला मित्र सगळ्यात कडक. तो म्हणतो, बारा बारा तास लूमवर उभे राहणाऱ्याच्या मजुरीवर बोल, त्याला ओळखीचे तत्त्वज्ञान नको, ते पोट भरलेल्यांनी करावे.

मला या तिघांशीही भांडायचे आहे. यंत्राला मन असते किंवा लवकरच येईल, असा माझा दावा नाही. तो वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. माझे म्हणणे असे की कृत्रिम माणसाच्या चांगल्या कथा मुळात यंत्राविषयी निकाल द्यायला लिहिलेल्याच नाहीत. अमका खरा आणि अमका नकली, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो, तो कशाच्या जोरावर वापरला जातो आणि त्यात कोणाचा फायदा होतो, याची त्या उलटतपासणी करतात. ही उलटतपासणी ज्याला अगदी शेजारची वाटावी असे एखादे शहर भारतात असेल, तर ते सुरत आहे.

हे शहर नकली रेशमावर उभे राहिले. किड्याने न कातलेला धागा, आधी रेयॉन, मग नायलॉन आणि पॉलिएस्टर, इथल्या खात्यांमध्ये, म्हणजे लूमच्या कारखान्यांमध्ये, विणला गेला आणि देशभरच्या लग्नांत साडी होऊन मिरवला. त्याला कोणी फसवणूक म्हटले नाही, कारण किंमतही तशीच होती. पण हिऱ्याचे प्रकरण इतके सोपे नाही. वराछा-कतारगामच्या कारखान्यांत पिढ्यानपिढ्या खाणीतला हिरा घंटी म्हणतात त्या चाकावर घासला गेला. आता त्याच शहरात मिथेन वायूतून कार्बनचे थर बारीक बीजावर चढवत काही आठवड्यांत हिरा वाढवतात. २०२३ च्या जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा जो हिरवा हिरा भेट दिला तो प्रयोगशाळेतलाच होता. खाणीतला हिरा आणि हा हिरा, दोन्ही कार्बनच. कठीणपणा तोच, चमक तीच. मुरलेल्या रत्नकलाकारालाही नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्दच काढून टाकला. तरीही बाजारात दोघांच्या भावात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते अंतर सांभाळायला यंत्रे आहेत. ती अतिनील प्रकाशात खड्याच्या वाढीची नक्षी पाहतात, आतल्या नायट्रोजनचा माग काढतात आणि खडा कुठे जन्मला ते सांगतात. पदार्थ एकच आहे, जन्मकथा मात्र वेगळी, आणि पैसा जन्मकथेला मिळतो.

आता फिलिप के. डिक याची १९६८ ची कादंबरी घ्या. 'डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?' हे तिचे नाव. तिच्यावरून १९८२ मध्ये 'ब्लेड रनर' हा चित्रपट निघाला. युद्धाने उजाड झालेल्या पृथ्वीवर जिवंत प्राणी दुर्मीळ झाले आहेत. प्राणी पाळणे ही प्रतिष्ठा, आणि कोणत्या प्राण्याचा काय भाव चालू आहे हे सांगणारे दरपत्रक लोक खिशात बाळगतात. नायक रिक डेकार्डच्या गच्चीवर मेंढी आहे, पण ती विजेवर चालणारी. शेजाऱ्याला कळू नये म्हणून तो जीव मुठीत धरून असतो. पळून आलेले कृत्रिम मानव हुडकून मारायचे आणि दर डोई बक्षीस घ्यायचे, हा त्याचा धंदा. त्या बक्षिसाच्या पैशातून तो एक खरी बकरी घेतो. म्हणजे खोट्या माणसांना मारून मिळालेल्या पैशात खरे जनावर. चित्रपटाने पाऊस, निऑनचे दिवे आणि उडत्या गाड्या घेतल्या आणि हा सगळा बाजार जवळपास गाळून टाकला. मला तो चित्रपट आवडतो, पण हे नुकसान मोठे आहे. कादंबरीतला कृत्रिम मानव धोकादायक आहे म्हणून मारला जातो असे वरवर दिसते. पानोपानी दिसते ते असे की तो नकली ठरला नाही तर दरपत्रकाला अर्थ उरणार नाही. वराछातल्या एखाद्या दलालाला हे पुस्तक मराठीत किंवा गुजरातीत वाचून दाखवले, तर त्याला कळीचा मुद्दा माझ्याआधी कळेल. यात परके काय आहे?

इंजिनिअर मित्राचे म्हणणे मी जास्त गंभीरपणे घेतो, कारण मराठी विज्ञानकथेच्या घरातच ते वाढले आहे. मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली जयंत नारळीकरांनी. विज्ञान सामान्य वाचकापर्यंत न्यायचे, हा आपल्या कथांचा एक हेतू त्यांनी कधी लपवला नाही, आणि त्यांच्या हातात तो हेतू शोभलाही. पुढे मात्र हेतूची अट झाली. कथा वाचून झाल्यावर 'यातून काय शिकलो' असा प्रश्न विचारायचा, उत्तर मिळाले तर ती विज्ञानकथा, नाही तर अद्भुतकथा किंवा त्याहून खालचे काहीतरी. या अटीमुळे दिवाळी अंकांमध्ये अशा कितीतरी कथा आल्या ज्यांत दोन शास्त्रज्ञ एकमेकांना आधीच माहीत असलेल्या गोष्टी तपशिलाने समजावून सांगतात आणि शेवटच्या परिच्छेदात एक स्फोट होतो.

खुद्द नारळीकरांचा किस्सा या अटीच्या विरोधात साक्ष देतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून प्रत पत्नीकडून लिहवून घेतली. परीक्षकांनी जगतापांना पहिले बक्षीस दिले. हा किस्सा आपण विनम्रतेचे उदाहरण म्हणून सांगतो. मला त्यात ॲलन ट्यूरिंगचा १९५० चा प्रस्ताव दिसतो: समोरचा कोण आहे ते झाका, फक्त आलेला मजकूर वाचा आणि निवाडा करा. ट्यूरिंगने ही कसोटी यंत्रासाठी सुचवली, नारळीकरांनी ती स्वतःवर लावून घेतली. नाव, पद आणि केंब्रिज बाजूला काढल्यावर उरतो तो मी आहे का, हा प्रश्न मराठी विज्ञानकथेच्या उंबरठ्यावरच उभा होता. आपण तो ओलांडून थेट कृष्णविवरात शिरलो.

बरे, विज्ञान अचूक हवे या आग्रहाने शेवटी हाती काय लागते, ते हिऱ्यावरच पाहा. अचूक विज्ञान सांगते की दोन्ही खडे एकच आहेत. विज्ञान समजावून देणारी कथा इथे संपते, कारण तिचे सांगून झाले. पण रत्नकलाकाराच्या घरातला प्रश्न नेमका इथून सुरू होतो: दोन्ही एकच असतील तर एकाला घासण्याची मजुरी दुसऱ्यापेक्षा कमी का, आणि भाव कोसळला तर तो कोणाच्या डोक्यावर? चुकीचे विज्ञान खपवून घ्या असे मी म्हणत नाही. उष्णतेचा नियम मोडणारी कथा मलाही चालत नाही. पण कारेल चापेकच्या 'आर. यू. आर.' या नाटकात विज्ञान जवळजवळ शून्य आहे. त्यातले रोबो धातूचे नाहीत, रसायनांच्या लगद्यातून बनवलेले मांसल देह आहेत. ते रसायन कोणते हे चापेकने सांगायची तसदी घेतली नाही. १९२१ मध्ये प्रागला रंगमंचावर आलेले ते नाटक शंभर वर्षांनंतरही जिवंत आहे, आणि त्या काळातली अचूक विज्ञानाची किती पुस्तके आज कोणी उघडते?

आता मास्तरांकडे वळतो. आपल्याकडे आत्मा असल्यामुळे हा प्रश्न नाही, हे म्हणणे ऐकायला धार्मिक वाटते, पण ते आपल्याच परंपरेचे अज्ञान आहे. वेताळपंचविशी लहानपणी आपण सगळ्यांनीच वाचली. देवीच्या देवळात दोन पुरुषांची मस्तके धडावेगळी होतात, त्यातल्या एकाची बायको घाईत मस्तके अदलाबदल करून जोडते आणि दोघे उठून बसतात. वेताळ विचारतो, तिचा नवरा कोणता? विक्रम उत्तर देतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचे मस्तक तो. या गोष्टीवरून थॉमस मानने जर्मन भाषेत कादंबरिका लिहिली आणि तिथून गिरीश कार्नाडांचे 'हयवदन' आले. दुसरीकडे मिलिंदप्रश्नात राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला विचारतो, नागसेन म्हणजे नेमके काय? केस, नखे, त्वचा की विचार? नागसेन उलट विचारतो, महाराज, आपण रथातून आलात. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, दांडी म्हणजे रथ का? वेगळे काढून दाखवता येईल असा रथ कुठेच सापडत नाही, तरी रथ आहे आणि राजा त्यात बसून आला आहे. याच राजाचे नाव बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला दिले. सुट्या भागांतून बनलेली वस्तू समोर ठेवून 'मी' कसा तपासावा, हे दोन हजार वर्षांपूर्वी भारतात बसून झाले आहे.

आयझॅक ॲसिमोव्हची १९७६ ची 'द बायसेंटेनियल मॅन' या दोघांच्या शेजारी ठेवून वाचावी. अँड्र्यू हा घरकामाचा यंत्रमानव लाकडावर कोरीवकाम करतो, त्याची कमाई त्याच्या नावे जमा होते, त्या कमाईतून तो स्वातंत्र्य मागतो. मग कपडे घालू लागतो. मग एकेक करून शरीराचे भाग सेंद्रिय करून घेतो. कायदेमंडळ तरी त्याला माणूस म्हणत नाही, कारण त्याचा मेंदू यंत्राचा आहे आणि तो मरणार नाही. बाकी सगळे बदलले तरी मस्तक तेच, म्हणजे हे विक्रमाचेच शास्त्र झाले. शेवटी अँड्र्यू आपल्या मेंदूला मरण लावून घेतो आणि दोनशेव्या वर्षी, मृत्युशय्येवर, त्याला माणूस म्हणून मान्यता मिळते. मला या शेवटाचा राग येतो. मान्यता मिळावी म्हणून त्याने जे दिले ते मागण्याचा त्या सभागृहाला काय अधिकार होता, हे ॲसिमोव्ह विचारत नाही. तो सभागृहाच्या बाजूने हळवा होतो. नागसेनाने विचारले असते.

आणि मराठीत काहीच नव्हते असेही नाही. 'वामन परत न आला' या कादंबरीत नारळीकरांनी एका पुरातन, प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानातून यंत्रमानव उभा केला. त्याला स्वतःसारखे आणखी घडवायचे आहेत. त्याचे नाव त्यांनी वामन ठेवले. ज्या मुलखात बळीचे राज्य यावे म्हणून बायका ओवाळतात आणि ज्या मुलखात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त बळीला आपला राजा म्हणून पुढे आणले, तिथे हे नाव निरागस राहत नाही. यंत्र तीन पावले जमीन मागते आणि द्यायला उभा असलेला माणूस बळी ठरतो. मग फुल्यांच्या वाचकाने कोणाची बाजू घ्यायची? कादंबरीला कदाचित इतके अभिप्रेतही नसेल. पण हा धागा पकडून पुढे लिहिणारा मराठी लेखक निघायला हवा होता, तो निघाला नाही याचे कारण मला इंजिनिअर मित्राच्या प्रश्नात सापडते.

चळवळीतल्या मित्राशी माझे भांडण वेगळे आहे, कारण तो अर्धा बरोबर आहे. तो म्हणतो, यंत्रमानव म्हणजे शेवटी मजूरच ना? मग सरळ मजुराबद्दल लिहा. चापेकच्या नाटकात हे स्पष्टच आहे: म्हाताऱ्या रोसमला माणूस घडवायचा होता, तरुण रोसम इंजिनिअर होता, त्याने कामाला न लागणारे सगळे काढून टाकले आणि मजूर घडवला. पण यंत्रमानवाला मजुराचा मुखवटा समजून मोकळे होणे हा आळशीपणा आहे आणि त्यात मजुराचा अपमानही आहे. त्याच नाटकात डॉ. गाल रोबोंना वेदना देतो. दया म्हणून नव्हे. वेदना नसल्यामुळे रोबो स्वतःला इजा करून घेतात आणि कंपनीचे नुकसान होते, म्हणून. वेदना हा तिथे भांडवली खर्च आहे. आमच्याकडच्या लूम कारागिराला मजुरी मीटरवर मिळते. खात्यातल्या खडखडाटात वर्षे काढल्यावर त्याला कमी ऐकू येते. त्याची वेदना मालकाला फुकट मिळालेली आहे, म्हणून तिचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. मजूर आणि यंत्रमानव सारखेच आहेत असे चापेक म्हणत नाही. ते कुठे वेगळे आहेत हे तो इतके नेमके दाखवतो की मालकाची वही उघडी पडते. हे काम मजुरीच्या आकड्यांचा अहवाल करू शकत नाही, आणि अहवाल हवेतच, तोही भाग आहे.

ओळखीचे तत्त्वज्ञान पोट भरलेल्यांचे, हे तर मला मुळीच मान्य नाही. पोट भरलेल्याला ओळख सिद्ध करावी लागते कधी? बमरोलीतल्या मराठी वस्तीत बहुतेक लोक खानदेशातले, उधना-जळगाव लोहमार्गाने आलेले. त्या मार्गावर नवापूरचे स्टेशन लागते, अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. तिथले एक बाकडे सरहद्दीवर आहे. गावी गेले की आम्ही 'सुरतवाले', इथे आलो की 'महाराष्ट्रीयन'. नवापूरच्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. माणूस म्हणजे दहा बोटे, दोन बुबुळे आणि बारा आकडे, ही व्यवस्था जगाला दाखवली गेली ती आमच्या मुलखातून. आणि धान्यासाठी यंत्रावर बोट ठेवणाऱ्या कष्टकऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र त्यांना ओळखत नाही, हेही तेव्हापासून माहीत आहे. कायद्यात पर्याय आहेत. दुकानाच्या रांगेत ते सापडतातच असे नाही.

डिकच्या कादंबरीत माणूस खरा की कृत्रिम हे ठरवणारी कसोटीही डोळ्यावरच चालते. संशयिताच्या डोळ्यावर प्रकाशाची तिरीप रोखायची, गालाला तार लावायची, प्रश्न विचारायचे आणि काटा किती हलला ते पाहायचे. काटा नाही म्हणाला की पुढे बोलणे नाही. रेचल रोझेन त्या कसोटीला बसते तेव्हा आपण कृत्रिम आहोत हे तिला स्वतःलाही माहीत नसते. पण डिक तिथे थांबत नाही. तो कसोटी घेणाऱ्याकडे वळतो. डेकार्ड एका टप्प्यावर तीच तार स्वतःला लावून घेतो, कारण त्याला स्वतःविषयीच शंका येऊ लागते. यंत्रावर बोट नाकारले गेले तर दुकानदाराने, तलाठ्याने किंवा तो नियम लिहिणाऱ्याने कधी आपल्या बाजूचा काटा तपासला का? 'मजुरीवर बोल' म्हणणाऱ्या मित्राला मी हेच विचारतो. पगार, धान्य, खोली, शाळा, सगळ्याच्या आधी खिडकीवर एकच प्रश्न असतो, तू तूच आहेस हे दाखव.

यापुढचा प्रसंग कोणत्याही कादंबरीत नाही, कारण तो आमच्या गल्लीत आत्ता घडतो आहे. सुरतच्या साड्यांच्या कॅटलॉगमध्ये आता संगणकाने बनवलेल्या मॉडेल दिसू लागल्या आहेत. ती बाई कुठेच नाही. तिचा रंग, हनुवटी, लाजून हसणे, सगळे असंख्य खऱ्या बायकांच्या फोटोंवरून शिकून काढलेले, आणि त्या बायकांना कोणी विचारलेले नाही. फोटोग्राफर, मेकअपवाली, खरी मॉडेल यांचा दिवसाचा रोज गेला. तिच्या अंगावरची साडी मात्र खरी आहे, किंवा लवकरच विणली जाईल. त्या साडीचे लोंबते धागे कापणारी, तिच्यावर टिकल्या आणि खडे चिकटवणारी बाई बमरोलीत, लिंबायतमध्ये, डिंडोलीत दहा बाय दहाच्या खोलीत बसलेली आहे आणि तिला नगावर पैसे मिळतात. एकीला चेहरा आहे पण देह नाही. दुसरीचा देह राबतो आणि कॅटलॉगमध्ये तिचा मागमूस नाही. या दोघींची गाठ कधी पडेल? पडली तर कोण कोणाला खरे म्हणेल? धागे कापणारीची पोरगी फोनवर त्या मॉडेलसारखी दिसायला बघेल तेव्हा आई तिला काय सांगेल? ही विज्ञानकथा आहे, तिच्यात विज्ञान आहे, मजुरी आहे आणि मास्तरांना हवा असेल तर आत्म्याचाही प्रश्न आहे.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती. येत्या अंकासाठी विज्ञानकथा मागवाल तेव्हा 'वाचकाला यातून कोणते विज्ञान कळेल' ही अट एक वर्ष बाजूला ठेवा. पुण्या-मुंबईच्या नेहमीच्या नावांसोबत बमरोली, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथल्या लिहित्या पोरांनाही पत्र पाठवा. लूमच्या शेजारी वाढलेली ही पोरे आहेत. आणि कथा परीक्षकांकडे देताना वर नाव ठेवू नका.